राजांच्या हातातले पंचतंत्र

पंचतंत्र हे राज्य चालवणाऱ्यांसाठी रचलेले पुस्तक आहे. कथामुखातच याची साक्ष मिळते. दक्षिण देशातल्या महिलारोप्य नगरीचा राजा अमरशक्ती सर्व बाजूंनी सुखी आहे, पण त्याच्या तिन्ही मुलांना विद्येचे वावडे आहे. नुसत्या व्याकरणालाच बारा वर्षे जातात, मग अर्थशास्त्र आणि धर्मशास्त्र शिकायचे कधी, असा पेच दरबारात पडतो. तेव्हा ऐंशी वर्षांचा विष्णुशर्मा पुढे येतो. शंभर गावांचे दान दिले तरी विद्या विकणार नाही, असे तो राजाला तोंडावर सांगतो आणि सहा महिन्यांत मुलांना नीतिशास्त्रात तयार करण्याची जबाबदारी घेतो. समोर बसलेली मुले वयाने लहान असतील, पण ती उद्याचे राजे आहेत, आणि विष्णुशर्मा त्यांना शिकवतो ती कामेही राजाचीच आहेत: मंत्री पारखणे, दोन मित्रांत फूट कशी पडते ते ओळखणे, बलाढ्य शत्रूच्या गोटात आपला माणूस पेरणे. काकोलूकीय या तंत्रात कावळ्यांचा म्हातारा मंत्री शरणागताचे सोंग घेऊन घुबडांच्या गुहेत राहतो आणि शेवटी त्या गुहेलाच आग लावतो. बाळबोध म्हणावे असे त्यात काहीही नाही.

या पुस्तकाची खरी ताकद पहिल्या तंत्रात, मित्रभेदात, दिसते. यमुनेवर पाणी प्यायला निघालेला पिंगलक सिंह एका अनोळखी आवाजाने बिचकतो. तो आवाज संजीवक नावाच्या बैलाचा असतो. व्यापाऱ्याच्या तांड्याने मागे टाकलेला हा बैल रानात चरून धष्टपुष्ट झालेला असतो. दरबारातून उतरलेले दोन कोल्हे, करटक आणि दमनक, राजाची ही भीती हेरतात. दमनक बैलाला सिंहासमोर आणतो आणि त्यांची दोस्ती जमवून देतो. पुढे ही दोस्ती इतकी वाढते की दमनकालाच कोणी विचारत नाही. मग तो ती मोडायला निघतो. सिंहाला तो सांगतो की बैल तुमच्या राज्यावर टपला आहे. तो शिंगे खाली करून, इकडेतिकडे पाहत आला तर समजा. बैलाला सांगतो की सिंह तुला खाणार आहे. तो कान टवकारून, शेपटी ताठ करून बसलेला दिसला तर समज. दोघे समोरासमोर येतात. प्रत्येकाला दुसऱ्याच्या अंगावर नेमक्या त्याच खुणा दिसतात, कारण दोघेही घाबरलेले आहेत आणि घाबरलेले जनावर तसेच दिसते. दमनकाने सांगितलेल्या खुणा खऱ्या निघतात, त्यांचा त्याने लावलेला अर्थ मात्र खोटा असतो. इतका बारकाईने रचलेला कट जगातल्या राजनीतीच्या ग्रंथांतही क्वचित सापडेल.

बैल मारला जातो. सिंह पस्तावतो, पण राजाने शोक करू नये असे सांगून दमनक त्याची समजूत घालतो आणि स्वतः मंत्रिपदावर बसतो. करटक झगडा चालू असतानाच त्याला धारेवर धरतो, तरी निकाल काही बदलत नाही. कपट यशस्वी होते आणि तंत्र तिथेच संपते. लहान मुलाला ही गोष्ट सांगणाऱ्याला हा शेवट नेहमीच अडचणीचा वाटत आला आहे. कचेरीत, पक्षात किंवा भाऊबंदकीत चार पावसाळे काढलेल्या वाचकाला मात्र तो ओळखीचा वाटतो.

सहाव्या शतकात हे पुस्तक इराणात पोहोचले. सासानी सम्राट खुस्रो अनुशिरवान (कारकीर्द ५३१ ते ५७९) याच्या दरबारातला वैद्य बुर्झोई याने त्याचे पहलवी भाषेत रूपांतर केले. फिरदौसीने शाहनाम्यात सांगितलेली हकीकत अशी की, बुर्झोई मेलेल्याला जिवंत करणारी वनस्पती शोधायला हिंदुस्थानात आला होता. पुष्कळ हिंडल्यावर त्याला उमगले की ती वनस्पती उगवते तो पर्वत म्हणजे ज्ञान आणि मेलेले म्हणजे अडाणी लोक. बक्षीस म्हणून त्याने काय मागितले, तर पुस्तकात आपल्यावर एक प्रकरण असावे. मूळ पहलवी ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्यावरून बूद नावाच्या ख्रिस्ती धर्मगुरूने केलेले सिरियाक भाषांतर टिकले आहे, आणि आठव्या शतकाच्या मध्यावर इब्न अल मुकफ्फाने केलेले अरबी रूपांतरही. करटक आणि दमनक यांची नावे तिथे कलीला आणि दिम्ना झाली आणि पुस्तकही याच नावाने ओळखले जाऊ लागले.

इब्न अल मुकफ्फा हा फार्स प्रांतातला इराणी. आधी उमय्यांच्या आणि नंतर अब्बासींच्या अधिकाऱ्यांकडे तो लेखनिक होता, त्यामुळे दरबारातली कुजबुज त्याच्या रोजच्या कानावरची. अरबी पुस्तकात बैलाच्या मृत्यूनंतर एक नवे प्रकरण येते. ते त्यानेच घातले असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यात दिम्नावर खटला चालतो. सिंहाची आई मुलाला गप्प बसू देत नाही. दिम्ना भर सभेत असा काही युक्तिवाद करतो की आरोप करणारेच गोंधळून जातात. कलीला तुरुंगात त्याला भेटून येतो आणि पुढे झुरून मरतो. अखेर दोघांचे बोलणे ऐकलेले साक्षीदार पुढे येतात आणि दिम्नाला देहदंड होतो. संस्कृत कथेतला उघडा राहिलेला अन्याय इथे न्यायासनासमोर येतो खरा, पण लेखकाने सगळी धार दिम्नाच्याच तोंडी दिली आहे. पुराव्याशिवाय शिक्षा देणारा राजा आणि राजाच्या मर्जीकडे पाहून साक्ष देणारे दरबारी यांच्यावर गुन्हेगारच बोट ठेवतो. मुलांच्या आवृत्त्यांतून हे प्रकरण सहसा गळते. प्रौढ वाचकाने मात्र ते सोडू नये.

चित्रांची गोष्टही याच लेखकापाशी सुरू होते. अरबी ग्रंथाच्या प्रस्तावनेत पुस्तकाचे चार हेतू सांगितले आहेत. प्राण्यांच्या तोंडी बोलणे घातले ते हलक्याफुलक्याची आवड असलेल्या तरुणांना ओढण्यासाठी. प्राण्यांची रंगीत चित्रे आहेत ती राजांच्या मनोरंजनासाठी, म्हणजे ते पुस्तक जवळ बाळगतील. तिसरा हेतू असा की राजा आणि प्रजा दोघांनाही ते हवेसे वाटावे, त्याच्या प्रती वारंवार निघाव्यात, काळाच्या ओघात ते नष्ट होऊ नये आणि चितारी व नकलनविस यांना सतत काम मिळावे. चौथा हेतू फक्त तत्त्वज्ञासाठी राखलेला. उपलब्ध अरबी हस्तलिखिते तेराव्या शतकाच्या मागे जात नाहीत, त्यामुळे या मजकुराचा शब्द न् शब्द मूळ लेखकाचा आहे की नाही यावर वाद होऊ शकतो. पण एवढे नक्की की ज्यांनी हे पुस्तक शतकानुशतके उतरवून घेतले त्यांच्या लेखी चित्र हा मुलांसाठीचा खाऊ नव्हता. चित्र होते राजासाठी, आणि राजाला आवडले तरच पुस्तक जगणार होते. ग्रंथ टिकवण्याच्या व्यवहाराचा इतका रोखठोक हिशेब ग्रंथातच मांडलेला दुसरा क्वचित आढळेल.

अरबी हस्तलिखितांच्याही आधी या कथा भिंतींवर चितारल्या जात होत्या. समरकंदजवळच्या पंजिकेंत या सोगदी शहरात आठव्या शतकातल्या श्रीमंतांच्या बैठकीच्या दालनांत वर वीरांच्या लढाया आणि खालच्या पट्ट्यात प्राणिकथा रंगवलेल्या सापडल्या. सशाने सिंहाला विहिरीपाशी नेल्याची कथाही त्यांत आहे. भारतात पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिराच्या खांबांवर पंचतंत्रातले प्रसंग कोरलेले आहेत. दहाव्या शतकात बुखाऱ्याच्या सामानी दरबारात रूदकीने कलीला आणि दिम्ना फारसी पद्यात आणले. शाहनाम्याच्या ९५७ सालच्या जुन्या गद्य प्रस्तावनेत असे म्हटले आहे की चिनी लोकांनी पुढे त्यात चित्रे घातली, म्हणजे पाहणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला दोघांनाही ते आवडावे. रूदकीच्या त्या काव्याचे आज थोडेच तुकडे उरले आहेत.

सचित्र अरबी प्रतींतली सर्वांत जुनी समजली जाणारी प्रत पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. ती तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातली, बहुधा सिरियातली. चित्रांना चौकट नाही, पार्श्वभूमी नाही. कागदाच्या कोऱ्या जागेत दोनतीन झाडे आणि समोरासमोर उभे असलेले दोन प्राणी. प्राणी एकमेकांकडे रोखून पाहतात, बस. बोलणे हाच या पुस्तकाचा विषय असल्यामुळे ही साधी मांडणी अगदी अचूक बसते. पुढे फारसीत ती बदलली. बाराव्या शतकाच्या मध्यावर गझनीचा सुलतान बहरामशहा याच्यासाठी नसरुल्ला मुन्शीने भारदस्त गद्यात नवे रूपांतर केले आणि इराणातले चितारी त्यावर तुटून पडले. तैमूरचा नातू बायसुंगूर याच्या हेरातमधल्या ग्रंथशाळेत १४२९ मध्ये तयार झालेली प्रत आता इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आहे. तिच्यातले बैलाच्या वधाचे चित्र पाहावे. सिंह बैलावर झेपावला आहे, भोवती फुलझाडे आणि खडक आहेत, आणि बाजूला दोन कोल्हे हे सारे पाहत उभे आहेत. चित्रकाराला कुजबुज काढता येत नाही, शब्द काढता येत नाहीत. म्हणून त्याने कारस्थान करणाऱ्याला प्रेक्षक केले. हे चित्र ज्याच्यासाठी काढले तो तरुण राजपुत्र दरबार भरवणारा माणूस होता आणि कडेला उभे राहून पाहणारे लोक त्याला रोजच दिसत असणार.

ज्यांनी हे पुस्तक एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेले त्यांच्यापैकी तिघांचा अंत सत्तेच्या हातून झाला. खलिफा मन्सूरच्या बंडखोर काकासाठी अभयपत्राचा मसुदा करताना इब्न अल मुकफ्फाने खलिफाला कुठेही पळवाट राहू दिली नाही. त्यानंतर सुमारे ७५६ मध्ये बसऱ्यात त्याला हालहाल करून मारण्यात आले. तेव्हा तो चाळिशीच्या आतला होता. नसरुल्ला मुन्शी पुढच्या सुलतानांच्या काळात मंत्रिपदापर्यंत चढला, मर्जीतून उतरला आणि कैदेत मारला गेला. तिसरा अबुल फजल. अकबरासाठी त्याने १५८८ मध्ये ‘इयार-इ-दानिश’ या नावाने कथा सोप्या फारसीत लिहिल्या. १६०२ मध्ये ओरछाच्या वीरसिंह बुंदेल्याने त्याला ठार केले. हे अकबराचा मुलगा सलीम याच्या सांगण्यावरून झाल्याची कबुली बादशहा जहांगीर झाल्यावर त्याने स्वतःच्या आठवणींत दिली आहे. दरबारी माणसाचा जीव राजाच्या कानाला कोण लागले आहे यावर टांगलेला असतो, हे मित्रभेदाचे म्हणणे या तिघांनाही पाठ होते.

मोगलांकडे या कथा मुख्यतः ‘अन्वार-इ-सुहैली’ या रूपात होत्या. हेरातच्या हुसेन वाइज काशिफीने पंधराव्या शतकाच्या अखेरीस हे रूपांतर फार नटव्या भाषेत केले होते. अबुल फजलला सोपे लिहायला सांगितले गेले ते त्यामुळेच. अकबर स्वतः वाचत नसे, पुस्तके वाचून घेत असे. अशा श्रोत्यासाठी चित्राचे महत्त्व आणखी वाढते. त्याच्या चित्रशाळेतली १५७० ची, २७ चित्रांची प्रत आज लंडनमध्ये आहे. १५९६-९७ मधली दुसरी वाराणसीच्या भारत कला भवनात. तिसऱ्या प्रतीचा इतिहास चटका लावणारा आहे. ब्रिटिश लायब्ररीतल्या या प्रतीत ३६ चित्रे असून ती १६१०-११ मध्ये पुरी झाली. आका रिझा, अबुल हसन, बिशनदास, अनंत अशा नामवंत चितार्‍यांचा त्यात हात आहे. काही चित्रांवरच्या तारखा १६०४ च्या सुमाराच्या आहेत. म्हणजे अबुल फजलचा काटा काढल्यावर दोनच वर्षांत युवराज सलीम चाड्या आणि कपट यांविषयीचे हेच पुस्तक आपल्या चितार्‍यांकडून रंगवून घेत होता. अकबरकालीन ‘अन्वार-इ-सुहैली’ची पाने मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही आहेत, आणि या सचित्र परंपरेवरचा एक महत्त्वाचा लेखसंग्रह १९९१ मध्ये मुंबईच्याच ‘मार्ग’ प्रकाशनाने काढला.

युरोपातली वाटचाल थोडक्यात सांगता येते, कारण तिथेही वाचक तेच होते. कास्तीलचा युवराज आल्फोन्सो, पुढचा दहावा आल्फोन्सो, याच्या काळात १२५१ मध्ये अरबीतून स्पॅनिश रूपांतर झाले. हिब्रू प्रतीवरून कापुआच्या जॉनने १२६३ ते १२७८ च्या दरम्यान लॅटिन केले. त्यावरून व्युर्टेम्बर्गचा सरदार एबरहार्ट याच्यासाठी आंटोन फोन प्फोरने जर्मन पुस्तक लिहिले आणि १४८३ मध्ये उल्म शहरात लीनहार्ट होले याने ते पानोपानी लाकडी ठशांच्या चित्रांसह छापले. छपाईचे तंत्र युरोपात अजून नवे असताना ज्या थोड्या पुस्तकांवर एवढा खर्च केला गेला त्यांत हे होते. इंग्रजीत १५७० मध्ये ते थॉमस नॉर्थने आणले, ज्याच्या प्लुटार्कवरून शेक्सपिअरने नाटके रचली. फ्रान्समध्ये ला फोंतेनने कथांचा पहिला संग्रह १६६८ मध्ये सहा वर्षांच्या युवराजाला अर्पण केला. दुसऱ्या, १६७८ मधल्या संग्रहात आपण पिल्पे या हिंदी पंडिताचे ऋणी असल्याचे तो सांगतो आणि तो संग्रह राजाच्या प्रेयसीला, मादाम द मोंतेस्पाँला अर्पण आहे. हिंदुस्थानातून आलेल्या कथा प्रौढांच्या संग्रहात गेल्या हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मग हे पुस्तक मुलांचे झाले कधी? हा बदल सतराव्या शतकाच्या अखेरीपासून हळूहळू घडला. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६९३ मध्ये शिक्षणावर लिहिताना मुलाला वाचायला इसाप द्यावा, तोही चित्रांचा द्यावा, असा सल्ला दिला. त्याच कथा मोठ्या माणसालाही विचार करायला लावतील असेही तो म्हणतो. पुढची पाऊणशे वर्षे उलटण्याआधी रूसोने ‘एमिल’मध्ये (१७६२) याला कडाडून विरोध केला. कोल्हा आणि कावळा या कथेची ओळन् ओळ सोडवून त्याने दाखवले की मुलाला ती कळत नाही, आणि कळलीच तर ते कावळ्याला हसते आणि कोल्ह्याच्या बाजूला जाऊन उभे राहते. प्राणिकथा मोठ्यांसाठी ठीक, मुलांना उघडे सत्य हवे, हे त्याचे मत. रूसो हरला. शाळांनी लॉकचे ऐकले. पण रूसोचा आक्षेप वाचला की विष्णुशर्म्याची कथा पहिल्यापासून कोणासाठी होती हे चटकन उमजते: कोल्ह्याच्या बाजूला उभे राहण्याचा मोह ज्याला खरोखर होऊ शकतो, ज्याच्या हातात तेवढी सत्ता आहे, त्याच्यासाठी.

मराठीतला बदल कंपनी सरकारच्या शाळांबरोबर आला. पंचतंत्राच्या कथा जुन्या मराठीत ‘पंचोपाख्यान’ या नावाने होत्याच. छापील मराठीच्या अगदी आरंभी तंजावरला सरफोजीराजांनी इसापाच्या कथा ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने छापवून घेतल्या; श्रीरामपूरच्या मिशनरी छापखान्यातून १८१५ मध्ये ‘हितोपदेश’ निघाला. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनच्या कारकीर्दीत मुंबईत ‘पंचोपाख्यान’ही छापले गेले आणि १८२८ मध्ये सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘इसापनीतिकथा’ आली, जी पुढे पिढ्यान्पिढ्या मराठी मुलांच्या हाती राहिली. विदेशी इसाप आणि स्वदेशी विष्णुशर्मा एकाच फडताळात जाऊन बसले. गोष्ट छोटी झाली, तिच्याखाली एका ओळीचे तात्पर्य आले, आणि कथेत कथा गुंफण्याची मूळची रचना मोडली. तोटा मोठा होता. मूळ ग्रंथात खुंटी उपटणाऱ्या वानराची गोष्ट करटक दमनकाला सांगतो ती त्याला रोखण्यासाठी, आणि दमनक ती ऐकून न ऐकल्यासारखे करतो. सुटी वाचली तर ती नको त्या उठाठेवीबद्दलची साधी गोष्ट उरते. सांगणारा कोण, ऐकणारा कोण, हा भाग नाहीसा होतो आणि नेमका तोच प्रौढांचा भाग आहे.

गंमत अशी की त्याच काळात हे पुस्तक इंग्लंडमध्ये राज्यकर्त्यांच्या अभ्यासात होते. हिंदुस्थानात येणाऱ्या कंपनीच्या अधिकाऱ्यांना हेलीबरी कॉलेजात फारसी शिकवताना ‘अन्वार-इ-सुहैली’ लावलेले असे, आणि तिथल्याच एडवर्ड ईस्टविकने १८५४ मध्ये त्याचे पूर्ण इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. मुंबई इलाख्यातला मराठी मुलगा कोल्ह्याची गोष्ट धडा म्हणून वाचत होता, आणि त्याच्यावर राज्य करायला येणारा तरुण तीच गोष्ट परीक्षेसाठी मूळ फारसीतून घोकत होता.

विसाव्या शतकात पंडितांनी ग्रंथ पुन्हा अखंड केला. योहानेस हेर्टेलने १९१४ मध्ये दाखवले की त्याची दोनशेहून अधिक रूपे पन्नासांहून अधिक भाषांत पसरली आहेत. फ्रँकलिन एजर्टनने १९२४ मध्ये मूळ संस्कृत पाठाची पुनर्रचना मांडली. आर्थर रायडरचे १९२५ चे इंग्रजी भाषांतर जैन पंडित पूर्णभद्राने ११९९ मध्ये सिद्ध केलेल्या पाठावरून झाले आणि ते मोठ्यांसाठीच होते. १९८० मध्ये रॅमसे वुडने केलेल्या पुनर्कथनाला डोरिस लेसिंगची प्रस्तावना आहे. भारतात १९६७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या अमर चित्र कथेने पंचतंत्राला पुन्हा पानोपानी चित्रे दिली. ती मुलांसाठी होती, पण घरातली मोठी माणसेही ती वाचत, हे त्या पिढीतल्या कोणालाही सांगायला नको. बर्लिनच्या फ्राय विद्यापीठात २०१८ पासून बेआट्रिस ग्रुंडलर यांच्या नेतृत्वाखाली अरबी हस्तलिखितांचा मोठा अभ्यास चालू झाला. शंभराहून अधिक प्रती समोर ठेवल्यावर दिसले की नकलनविसांनी मजकूर जसाच्या तसा उतरवलेला नाही. जागोजागी त्यांनी वाक्ये फिरवली, संवाद वाढवले, काही गाळले. धर्मग्रंथाला हात लावायची छाती त्यांना झाली नसती. कलीला आणि दिम्नाच्या बाबतीत प्रत्येक लेखनिक हा स्वतःचे मत असलेला वाचक होता, आणि दरबारात कोण काय बोलले असेल याविषयी त्याला स्वतःला काही सांगायचे होते.